गावपळणीचा वाढीव दिवस

आमच्या घरात कुठंही जायचं ठरलं की पिशव्यांपाशी कोण बसणार हे ठरवावं लागत नाही. सावित्रीकाकी बसते. तारकर्लीला सगळे बोटीतून डॉल्फिन बघायला गेले, काकी किनाऱ्यावर पिशव्यांपाशी. मालवणचा किल्ला बघायला गेले, काकी जेटीवर पिशव्यांपाशी. लग्नाच्या वऱ्हाडात तर नवरीच्या दागिन्यांपासून बँडवाल्यांच्या टोप्यांपर्यंत सगळं तिच्या ताब्यात. आणि हे तिला कुणी सांगत नाही. गाडीतून उतरल्या उतरल्या ती एक सावली शोधते, पदर खोचते, पाय पसरते आणि म्हणते, "ठेवा हय, नि जावा." मग माणसं खरोखरच जातात. जा म्हटल्यावर जायला आमची माणसं फार तत्पर आहेत, हे मी या घरात आले तेव्हापासून बघते आहे.

मी चारुता, घरातली थोरली सून. शेजारच्या कट्टा गावच्या हायस्कुलात मराठी शिकवते, आणि घरी आल्यावरही शिकवतच असते असं माझा नवरा विश्वेश म्हणतो. काकी त्याची. तिचे यजमान म्हणजे दाजी, विश्वेशचे धाकटे काका. त्यांना मूलबाळ झालं नाही, त्यामुळे भावांची मुलं, त्यांच्या बायका, त्यांची पोरं अशी वीस-बावीस माणसं सगळी त्यांचीच. पुण्यामुंबईला पांगलेली ही मंडळी गणपतीला आणि गावपळणीला न चुकता येतात. भात, काजू, थोडे हापूस आणि गोठ्यातली गुरं सांभाळत दाजी-काकी गावात राहतात, आणि आम्हीही त्यांच्यापाशीच. तोंडावर मी काकीला तुम्ही म्हणते, मनात मात्र ती केव्हाचीच 'ती' झाली आहे, म्हणून इथंही तसंच लिहिते.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी काजू निवडत बसलो होतो, तेव्हा तिनं मला एक गोष्ट सांगितली. लग्न होऊन पहिल्याच वर्षी ती घरच्यांबरोबर आंगणेवाडीच्या जत्रेला गेली होती. देवीचं दर्शन झालं, गुळाचं खाजं घेऊन झालं आणि सगळे आकाशपाळण्यात बसायला धावले. दाजी तेव्हा तरणेबांड. वरून खाली पडतील म्हणून प्रत्येकानं आपापल्या वहाणा काढून नव्या सुनेच्या हातात दिल्या. दाजींनी पण दिल्या. ही खाली मान वर करून उभी. उतरल्यावर त्यांचा वाद जुंपला. कुणी म्हणे वरून समुद्र दिसतो, कुणी म्हणे समुद्र कसला, नुसते दुकानांचे पत्रे दिसतात.

"माका एकदा वर जावन बघूचा आसा," काकी मला म्हणाली, "दोगांतलो खरा कोण सांगी होतो ता."

"मग इतक्या वर्षांत का नाही बसलात?"

"कोणी ना कोणी कायतरी हातात देय. कधी पोर, कधी पिशयी."

हे तिनं बाजारात मिरचीचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि पुढचा काजू उचलला. मला मात्र राग आला. काकीचा नाही, त्या पाळण्यात बसून आलेल्या सगळ्यांचा.

आता गावपळण म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण घाटावरच्या माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्यांना मी थट्टा करते आहे असं वाटतं. दर तीन-चार वर्षांनी आमच्या ग्रामदेवाचा हुकूम होतो आणि तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव शिवेबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. मागे गावात देव एकटा. शिवेपलीकडे कट्ट्याच्या वाटेवर माडाच्या झापांच्या राहुट्या आणि मांगर, म्हणजे मोठ्या झोपड्या, उभे राहतात, तीन दगडांच्या चुली पेटतात, भजनं रंगतात, फुगड्या होतात, आणि वर्षभर एकमेकांशी न बोलणारी भावकी एकाच पाणवठ्यावर भांडी घासते. मग मानकरी देवाला कौल लावतात. उजवा कौल मिळाला तर गाव घरी जायला मोकळं, नाही मिळाला तर आणखी एक रात्र बाहेर. कुणाची रजा संपली, कुणाची परीक्षा आहे, हे देव बघत नाही.

आमच्या घराची यात आणखी एक रीत आहे. जी बाई जाताना दार ओढून घेते, तिनंच ते परत येऊन उघडायचं. तिच्याआधी कुणी उंबरा ओलांडायचा नाही. ही रीत काकीच्या सासूकडून काकीकडे आली. तीन दिवस घराची किल्ली तिच्या पदराच्या गाठीला असते.

तर या वर्षी गावपळण जाहीर झाली आणि माझ्या धाकट्या दिरानं, मिहीरनं, पुण्याहून घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. तीन दिवस गावाबाहेर राहायचंच आहे ना, मग शिवेवर डास मारत कशाला राहायचं? पुण्याच्या अलीकडे मोठं थीम पार्क झालंय, सगळे मिळून तिकडेच जाऊ. गाडी, हॉटेल, तिकिटं सगळं मी बघतो. खाली पोरांचे अंगठे, हृदयं, फुगे यांचा पाऊस पडला. एकट्या दाजींनी काही टाकलं नाही, कारण ते ग्रुपवर नाहीत.

दाजींना हे मुळीच पटलं नाही. गावपळण म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मोक्याची जागा हेरून सगळ्यांना पुरेल एवढा मांगर उभा करणं आणि मग त्याच्या दारात बसून आपली सगळी माणसं एका छपराखाली जेवताना बघणं, यासाठी ते चार वर्षं थांबतात. त्यांनी प्रश्न थेट देवळात नेला. शिवेबाहेर राहायचं म्हणजे शिवेवर, की कुठंही? मानकऱ्यांनी बराच विचार केला आणि सांगितलं, "शिमेच्या भायर म्हणजे भायर. किती भायर, ह्या देवान कधी सांगूक नाय."

झालं. देवाचीच हरकत नाही म्हटल्यावर दाजींना बोलायला जागा उरली नाही.

"जावा," जेवताना ते म्हणाले. "पोरांका बरा वाटतला. गोरवांका मी आसंय."

"मगे मी पण हयच रवतंय," काकी म्हणाली. "नि खुडूक कोंबडी अंड्यार बसली हा, तेका कोण बघतलो?"

"कोंबडेक मी बघतंय. तू जा."

"माझा थंय काय काम?"

"ह्यांचे पिशये कोण राखतलो?"

सगळे हसले, काकीसुद्धा हसली. मी हसले नाही. भाताचं पातेलं जरा जोरात ठेवलं, एवढंच.

थीम पार्क म्हणजे काय, याचं काकीच्या मनातलं उत्तर सरळ होतं: शिवेबाहेरची जागा. तेव्हा शिवेबाहेर जे लागतं ते सगळं तिनं बांधून घेतलं. तांदूळ, कुळथाचं पीठ, सुके बांगडे, नारळ, खोबरं खवायची आडाळी, दोन मोठे टोप. चुलीचे तीन दगडही पडवीत काढून ठेवले होते, पण ते गाडीत चढवायला गुरुदासनं साफ नकार दिला. गुरुदास म्हणजे आमच्या बसचा चालक आणि मालकही, मसुऱ्याचा. तो म्हणाला, "काकी, थंय दगड गावतत."

निघायच्या सकाळी काकीनं दार ओढून घेतलं, किल्ली पदराला बांधली आणि दाजींना शेवटच्या सूचना दिल्या. त्यातल्या बहुतेक कोंबडीबद्दल होत्या.

तो दिवस सगळा प्रवासातच गेला. पार्कच्या फाटकावर तपासणी होती. तिथल्या रखवालदारानं काकीच्या पिशवीतला डबा काढला, झाकण उघडलं आणि लगेच लावलं. सुक्या बांगड्याशी त्याची ती पहिलीच भेट असावी.

"आजी, बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"भायरचा नाय, घरचा आसा," काकीनं त्याला समजावलं.

अखेर टोप, तांदूळ, बांगडे सगळं बसमध्ये परत गेलं. त्याचं सोनं झालं म्हणा. गुरुदासनं गाड्यांच्या तळावर गॅसची शेगडी मांडली, आणि संध्याकाळी आम्ही बाहेर आलो तेव्हा नाशिक-साताऱ्याकडचे बसचालक गोल करून कुळथाची पिठी भुरकत होते. आत आम्ही गार पडलेल्या सँडविचवर दिवस काढला होता.

पार्कातला पहिला दिवस सगळा पाण्याच्या घसरगुंड्यांवर गेला. सामान ठेवायला मिहीरनं लॉकर घेतला, पण त्यात आमच्या निम्म्या पिशव्या मावेनात. शिवाय ज्या कपाटाची एक चावी दुसऱ्याकडेही आहे, त्याच्यावर काकीचा विश्वास नव्हता. तिनं सावली शोधली, पदर खोचला. दिवसभर वीस जणांचे चष्मे, मोबाईल आणि ओले कपडे तिच्या भोवती. तिचा चेहरा मात्र प्रसन्न होता. येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना खाऊ, त्यांच्या आयांना सल्ले. दुपारपर्यंत अनोळखी बायकाही आपल्या पिशव्या तिच्यापाशी ठेवून जायला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पाळणे, रेलगाड्या, भुताचं घर वगैरे. पार्कच्या टोकाला आकाशपाळणा होता, जत्रेतल्याच्या चौपट उंच, काचेच्या डब्यांचा. मिहीरनं आल्या आल्या सांगून टाकलं की तो म्हाताऱ्यांचा आहे, खरी मजा उलट्या होणाऱ्या रेलगाडीत. मी काकीकडे बघत होते. त्या दिवशी तिनं जी सावली निवडली ती काही फार दाट नव्हती. पण तिथून पाळणा समोर दिसत होता.

मी ठरवलं, आज काही झालं तरी हिला वर न्यायचं. जेवणं झाल्यावर विश्वेशला म्हटलं, "तुम्ही पिशव्यांपाशी बसा, मी काकींना पाळण्यात बसवून आणते."

"हो, हो. पाच मिनिटांत आलो," म्हणून तो मिहीरबरोबर गेला तो रेलगाडीत पुन्हा एकदा उलटा व्हायला. पाच मिनिटांची किती पाच मिनिटं झाली ते मी मोजलं नाही. मोजली असती तर जास्त बोलले असते. तो आल्यावर जे बोलले तेही काही कमी नव्हतं.

मी, काकी आणि माझी मुलगी गौरजा अशा तिघी रांगेत उभ्या राहिलो. गौरजा चौथीत आहे, तिला काकीआजीची समुद्राची आणि पत्र्यांची गोष्ट ठाऊक होती. फाटकावर रक्तदाबाबद्दलची पाटी होती, ती मी मोठ्यानं वाचली. "माका बीपी नाय," काकी म्हणाली. "बीपी दाजींका आसा." ती केस सारखे करत होती, पदर नीट घेत होती, जशी कुणाच्या घरी पहिल्यांदा जाते आहे. आमच्या पुढं दोन-तीन कुटुंबं राहिली आणि पाळणा थांबला. वर बसलेली माणसं सावकाश उतरवून घेतली. भोंग्यावर आवाज आला की तांत्रिक कारणामुळे आकाशपाळणा आजपुरता बंद राहील.

आम्ही तरीही थांबलो. ऊन उतरलं, दिवे लागले. पाळण्याचे लागले नाहीत.

"जाव दे," काकी म्हणाली. "फुडच्या गावपळणीक."

पुढची गावपळण कधी, ते देवालाच ठाऊक. आणि तिचे गुडघे तोवर रांगेत उभं राहू देतील का, ते त्यालाही सांगता येणार नाही. हॉटेलवर गेल्यावर तिनं दाजींना फोन लावला, पाळणा बंद पडल्याचं चकार शब्दानं बोलली नाही. कोंबडीचीही चौकशी केली नाही. तेव्हा मला कळलं की तिला किती लागलं आहे.

चौथ्या दिवशी सकाळी परत निघायचं होतं. काकी सगळ्यांच्या आधी बसमध्ये, पुढच्या सीटवर, पदराची गाठ चाचपत. कौल मिळाला तर आज घर उघडायला हवं, नाहीतर दाजी आणि गुरं दारात ताटकळणार, हाच तिला घोर. तेवढ्यात दाजींचा फोन आला. काकीला मोबाईल कानाला लावून बोलता येत नाही, ती तो पानाच्या तबकासारखा समोर धरते, त्यामुळे तिचं बोलणं नेहमी सगळ्या गाडीला ऐकू जातं.

"कौल मिळालो," दाजी म्हणाले. "उजवो. लोक निघाले घराक."

"आमी पण निघालो. सांजेपर्यंत पोचतो. दाराकडे रवा, आत जाव नकात."

"ता रवांदे. पाळण्यात बसलंस?"

काकीनं माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. मी दाजींना काही बोलले नव्हते. गौरजा मात्र खिडकीबाहेर फारच मन लावून बघत होती.

"नाय," काकी म्हणाली. "बंद पडलो."

"आज चालू आसा?"

मिहीरनं मोबाईलवर बघितलं. "चालू आसा, दाजी."

पलीकडं गाईच्या गळ्यातली घंटा वाजली.

"मगे गावाक कौल मिळालो," दाजी म्हणाले, "आपल्या घराक मिळूक नाय. आपलो उद्या."

"असा खंय असता?"

"आपला दार तू उघडतंस. तू हय नाय, तर आपली गावपळण संपली कशी? तू पाळण्यात बस, नि मगे ये. मी मांगरात आसंय."

"नि लोक काय म्हणतले?"

"लोक घराक गेले. म्हणाक हय कोण उरलो नाय."

"थंडी पडता थंय. तुमका एकट्याक..."

"सावित्री," दाजी म्हणाले. त्यांनी तिला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "आंगणेवाडीक तू माझे वहाणा धरून उभी रवलंस. मी वर बसान मजा केलंय. खाली इलंय, वहाणा घातलंय, पण तू बसतंस काय म्हणान तुका इचारूक नाय. हय एकटो बसलंय तेव्हा आठवला. आज बस."

आणि फोन बंद झाला. काकी तो तसाच समोर धरून बसली. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते कुणाला दाखवायचे नव्हते, म्हणून मी उगाच गौरजाची वेणी सोडून परत घालायला घेतली.

गुरुदासनं इंजिन बंद केलं. "काकी वर जातत तर मी पण येतंय," तो म्हणाला. "माका पण कोणी इचारूक नव्हता."

मग फोनाफोनी सुरू झाली. मिहीरनं आपल्या साहेबाला कौल म्हणजे काय ते इंग्रजीतून समजावायचा प्रयत्न केला, तो जमेना, शेवटी फॅमिली फंक्शन म्हणून मोकळा झाला. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, "सर, मला आणखी एक दिवस रजा हवी होती. गावाला कौल मिळाला, पण आमच्या घराला अजून मिळालेला नाही." ते मालवण तालुक्यातलेच. लगेच म्हणाले, "बरं बरं, देवाच्या कामात आपण काय बोलणार."

पार्कात शिरताच विश्वेश पाळण्यासमोरच्या बाकावर जाऊन बसला. पाय पसरले आणि म्हणाला, "ठेवा हय, नि जावा." लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्या माणसाबद्दल मला एकदम माया वाटली. तसं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

पाळण्याच्या डब्याशी पोचल्यावर काकीनं वहाणा काढल्या. काढायची काही गरज नव्हती, डबा चारही बाजूंनी बंद होता, तिथला मुलगा म्हणालासुद्धा की आजी, राहू दे. पण पाळण्यात बसायचं ते वहाणा काढून, हेच तिनं जन्मभर बघितलं होतं. आणि काढलेल्या वहाणा कुणाकडे तरी द्यायच्या असतात. ती त्या हातात धरून इकडेतिकडे बघायला लागली. विश्वेश बाकावरून उठून आला, तिच्या हातातून वहाणा घेतल्या आणि परत पिशव्यांपाशी जाऊन बसला.

पाळणा हलला तशी तिनं माझा हात घट्ट धरला. जमीन खाली गेली, झाडं खाली गेली, मिहीरच्या रेलगाडीचा सर्वांत उंच वळसाही खाली गेला. अर्ध्यावर तिनं हात सोडला. अगदी वर पोचल्यावर पाळणा माणसं घ्यायला थांबला, आणि आमचा डबा वाऱ्यानं किंचित झुलत उभा राहिला.

"काकीआजी, समुद्र दिसता?" गौरजानं विचारलं.

काकीनं काचेला नाक लावलं. तिनं घाईनं बघितलं नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तांदूळ निवडावेत तसं, सगळं नीट बघून घेतलं. डोंगर, रस्ता, शेतं, कारखाने.

"पत्रे," ती म्हणाली. तिच्या आवाजात इतकं समाधान होतं की मला हसू फुटलं. "पत्रेच दिसतत. माका ठावक होता."

मग तिनं मला दाजींना फोन लावायला सांगितला. "मी वर आसंय," ती म्हणाली. "हयसून समुद्र दिसणा नाय. तुमी तेव्हा खोटा सांगलात."

"थंय समुद्र खंयचो?" दाजी म्हणाले. "थंय घाट आसा. आंगणेवाडीक दिसता."

"ता मी आता जत्रेक बसान बघतलंय."

"बघ. आणि काय दिसता?"

काकीनं खाली बघितलं आणि तिला हसू आवरेना. पदर तोंडाशी धरला तरी आवरेना, डबा हलायला लागला. "पिशये दिसतत," ती कशीबशी म्हणाली. "आमचे पिशये. नि विश्वेश माझे वहाणा मांडयेर घेवन बसलोहा."

त्या दिवशी ती तीन वेळा पाळण्यात बसली. दुसऱ्या वेळी गुरुदासला घेऊन, तिसऱ्या वेळी घरातल्या सगळ्या सुनांना. मिहीरच्या आग्रहाखातर रेलगाडीतही बसली आणि अंबाडा सुटलेल्या अवस्थेत उतरून म्हणाली, "ह्या माका नको. ह्यात बघूक गावणा नाय." आमच्या सगळ्या सहलींत मी इतकी मजा कधी केली नाही, आणि मी तर बहुतेक वेळ नुसती तिच्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना बस आमच्या शिवेवर आली. सगळ्या राहुट्या उठल्या होत्या. चुलींचे काळे दगड तेवढे इथंतिथं पडले होते, आणि त्या मोकळ्या माळावर एकटा आमचा मांगर. शेजारी गाई रवंथ करत होत्या. मांगराच्या दारात पांघरुणाची वळकटी, कंदील, भांड्यांचा हारा, गवताचे भारे, कोंबडीची पाटी आणि चार-पाच गच्च भरलेल्या पिशव्या असा सगळा संसार गोळा करून ठेवला होता, आणि त्याच्या मधोमध, पाय पसरून, दाजी बसले होते. गेल्या दिवसभरात कट्ट्याला जाणाऱ्या प्रत्येकानं त्यांना, देवानं तुम्हाला एकट्यालाच बाहेर काढलं का, म्हणून विचारलं होतं. दाजींनी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं होतं, आणि आम्ही उतरल्यावर आम्हालाही तेच दिलं.

"पिशये राखतंय," ते म्हणाले.

काकी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं आधी वाकून पाटीत बघितलं. कोंबडीच्या पंखाखालून दोन पिवळी डोकी बाहेर आली.

"कधी?"

"काल. तू वर होतस तेव्हा."

काकीनं मान हलवली आणि सवयीनं सर्वांत जड पिशवीला हात घातला. दाजींनी ती पिशवी आपल्याकडे ओढली.

"रवांदे. तू फुडे हो."

मग त्यांनी एक पिशवी खांद्याला लावली, दोन हातात घेतल्या. बाकीच्या आम्ही वाटून घेतल्या, पाटी गौरजानं उचलली, गुरुदासनं गाई सोडल्या, आणि आमची गावपळण गावाकडं निघाली. सगळ्यांच्या पुढं काकी. रिकाम्या हातांनी कसं चालायचं ते तिला जमत नव्हतं. हात आधी मागं बांधले, मग पदरात घेतले, मग सोडून दिले. देवळाचा कळस दिसायला लागला तेव्हा तिनं पदराची गाठ सोडली, किल्ली हातात धरली आणि आमची कुणाची वाट न बघता दाराकडं चालू लागली.